पिंगळ्या पतंगांचें गोत्र



आश्विन महिन्यांत धानोऱ्यास एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला होता. धानोरा हें गडचिरोली जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. गडचिरोलीहून पूर्वेस मुरूमगांवकडे आणि तेथून पुढें छत्तीसगडांत जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें. हा सारा मुलूख 1982 पर्यंत चांदा जिल्ह्यांतच मोडत असे. गांवाबाहेर पडलें कीं साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू ह्यांचें रान सुरू होतें, आणि पावसाळा नुकताच सरलेला असल्यामुळें झाडाझाडांवर वेली चढलेल्या असतात.

पहिल्याच रात्रीं जेवणें उरकल्यावर स्नेह्यांनीं मला परसांतल्या पेरूच्या झाडाखालीं नेलें व विजेरीचा झोत एका पिकल्या पेरूवर धरला. फळावर एक भला मोठा पतंग बसला होता. त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकत होते. मिटलेले पंख असे कीं, एखादें वाळकें पान फळाला चिकटलें आहे असें वाटावें. मीं बोट लावतांच त्यानें पुढचे पंख वर उचलले आणि खालून शेंदरी रंगाचे मागचे पंख झळकले. प्रत्येकाच्या मध्यभागीं एक गोल काळा ठिपका, आणि कडेला काळी किनार. क्षणभर तसा बसून तो अंधारांत उडून गेला. पेरूला टांचणीच्या टोंकाएवढें भोंक पडलें होतें व त्यांतून रस पाझरत होता.

"हें पाखरूं भोंक पाडतें," स्नेही म्हणाले. "पण पाखराला दांत असतात काय हो?"

दांत नसतात. पतंगाला असते ती सोंड, आणि बहुतेक पतंगांची सोंड इतकी नाजूक असते कीं, फुलांतला मध चोखण्यापलीकडे तिचा उपयोग होत नाहीं. मग ह्याच्याच सोंडेंत असें काय आहे? हा कोणाच्या घराण्यांतला? ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांत अडकलेलीं आहेत. पतंगांच्या वर्गीकरणाविषयीं आज बोलावयाचें मीं ठरविलें तें त्या पेरूमुळें. आणि त्याहूनहि अधिक माझ्या मेहुण्यांच्या संत्र्यांमुळें.

मेहुणे काटोलकडे संत्र्याची बाग करतात. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांचा आंबिया बहार उत्तम धरला होता. पावसाळा संपतां संपतां फळें रंगूं लागलीं आणि एकाएकीं गळूं लागलीं. गळलेल्या प्रत्येक फळावर एक बारीक छिद्र, त्याभोंवतीं तपकिरी मऊ पडलेला डाग, आणि आंत बुरशी. रात्रीं बागेंत जाऊन त्यांनीं फळांवर बसलेले पतंग पकडले, डबींत घातले आणि जवळच्या शहरांतल्या एका औषधविक्रेत्याला दाखविले. त्यानें ते पाहून ठामपणें सांगितलें, "हे नॉक्ट्युइडी कुळांतले. घाटेअळीचे भाऊबंद. झाडावरच्या अळ्या मारा म्हणजे पतंग होणारच नाहींत." अळ्यांचें महागडें औषध आणून मेहुण्यांनीं सगळ्या झाडांवर दोनदां फवारलें. बहार गेला तो गेलाच. संत्र्याच्या झाडावर ह्या पतंगाची एकहि अळी नव्हती, आणि कधीं नसते. डबींत जे पतंग होते, त्यांतले बहुतेक तर छिद्र पाडणारे नव्हतेच. दुसऱ्यानें पाडलेल्या छिद्रांतून रस पिणारे ते आगंतुक होते. विक्रेत्यानें लबाडी केली असें मी म्हणत नाहीं. त्याच्यापाशीं जें पुस्तक होतें, त्यांत हे सगळे एकाच कुळांत छापलेले होते.

तर ह्या कुळाची कथा अशी आहे.

प्राण्यांना व वनस्पतींना दोन शब्दांचीं लॅटिन नांवें देण्याची पद्धति रूढ करणारा स्वीडनचा लिनिअस ह्यानें 1758 सालीं आपल्या ग्रंथांत पतंगांचे कांहीं गट पाडले. त्यांतल्या एका गटाला त्यानें नॉक्टुआ हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत नॉक्टुआ म्हणजे लहान घुबड, अर्थात् आपला पिंगळा. जाड अंगाचे, मातकट रंगाचे, रात्रीं फिरणारे आणि दिव्यापुढें डोळे चमकणारे ते हे पतंग. नांव शोभतें खरें. पुढें 1809 मध्यें फ्रान्सच्या लात्रेय ह्यानें ह्या गटाला कुळाचा दर्जा दिला व नॉक्ट्युइडी हें नांव रूढ झालें. मराठींत त्यांना पिंगळे पतंग म्हणावयास हरकत नसावी, आणि ह्या भाषणापुरतें तरी मी तसें म्हणणार आहें.

आतां गंमत अशी कीं, हें कूळ म्हणजे जुन्या वाड्यांतली अडगळीची खोली झालें. ज्या पतंगाला कोठें ठेवावें तें कळेना, तो ह्या खोलींत जाऊन पडे. हिंदुस्थानांतल्या पतंगांचा पहिला मोठा सर्वसंग्राहक ग्रंथ जॉर्ज हॅम्पसन ह्यांनीं लिहिला. हे गृहस्थ प्रथम निलगिरीवर चहाचे मळेवाले होते. पतंग हा त्यांचा छंद. त्या छंदांतून 1892 ते 1896 ह्या काळांत चार खंड झाले, आणि पुढें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें बसून त्यांनीं जगांतल्या पतंगांची मोठी सूचि हातीं घेतली. त्यांच्या खंडांत सागाची पानें खाणारा पतंग, ज्याचें शास्त्रीय नांव हिब्लिआ प्युएरा, तोहि ह्या पिंगळ्यांच्याच पंगतींत बसविलेला आहे. धानोऱ्याच्या रानांत फिरणाऱ्याला हा पतंग माहीत नसला तरी त्याचें कर्तृत्व माहीत असतें: पावसाळ्याच्या आरंभीं सागाचीं कोंवळीं पानें ह्याच्या अळ्या फस्त करतात. मागाहून येणारी दुसरी एक अळी पानाच्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून जाळी करते. ती वेगळ्याच पतंगाची. हिब्लिआला ह्या कुळांतून बाहेर काढून आतां बरेंच काम झालें आहे. त्याचें स्वतंत्र कूळ मानतात. कारण पिंगळ्यांची जी खरी खूण, तीच त्याच्यापाशीं नाहीं.

ती खूण म्हणजे कान. ह्या पतंगांच्या छातीच्या मागल्या भागावर, छाती आणि पोट जेथें जुळतात तेथें, दोन्ही अंगांस एकेक पातळ पडदा ताणून बसविलेला असतो. त्या पडद्यामागें ऐकण्याच्या पेशी किती? पिंगळ्यांच्या एका कानांत फक्त दोन. पण त्या दोन पेशींवर त्याचा जीव अवलंबून असतो. वटवाघूळ अंधारांत आपल्याला ऐकूं न येणारा बारीक आवाज काढीत भक्ष्य शोधतें. तो आवाज दुरून आला तर पतंग दिशा बदलून दूर निघून जातो. अगदीं जवळ आला तर पंख मिटून दगडासारखा खालीं पडतो, किंवा गिरक्या घेत गवतांत शिरतो. उन्हाळ्यांत दिव्याशेजारीं किल्ल्यांचा जुडगा वाजविला असतां एखादा पतंग धपकन् खालीं पडलेला श्रोत्यांपैकीं कांहींनीं पाहिला असेल. तो घाबरला तो किल्ल्यांना नव्हे. त्या खणखणाटांत मिसळलेल्या वटवाघळाच्या स्वरांना.

छातीवर असा कान असलेल्या पतंगांचें एक महाकूळ आहे. त्यांत आजवर सुमारें 42 हजार जातींना नांवें मिळालीं आहेत. सगळ्या पाखरांत आणि फुलपाखरांत एवढें मोठें दुसरें महाकूळ नाहीं. अडचण उभी राहते ती पुढें. ह्या 42 हजारांची आंतली वांटणी करावयाची कशी?

हॅम्पसन आणि त्यांच्या पिढीनें ह्यासाठीं पंखांतल्या शिरा पाहिल्या. मागच्या पंखाच्या मधल्या भागांतून एक मुख्य शीर निघते आणि कडेकडे जातांना तिला फांटे फुटतात. कांहीं पतंगांत हे फांटे स्पष्ट चार दिसतात. कांहींत चौथा अगदीं पुसट होऊन तीनच उरतात. घाटेअळीच्या पतंगाचा पंख धुऊन भिंगाखालीं धरला तर तीन दिसतील; माझ्या पेरूवरल्या पतंगाचा धरला तर चार. त्रिशिर आणि चतुःशिर असे हे दोन गट शंभर वर्षें चालले. खूण सोपी, डोळ्यांना दिसणारी, वाद न घालतां मोजतां येणारी. संग्रहालयांतल्या लाखों पतंगांचे पेटारे लावण्याला ह्याहून सोयीचें साधन सांपडणें कठीण होतें.

पण सोयीची खूण ही नात्याची खूण असेलच असें नाहीं. समजा, एका जुन्या वाड्यांतून चार भाऊ निघाले व त्यांनीं नवें घर बांधलें. नव्या घरांत राहणारे ते सगळे एका बापाचे, हें खरें. परंतु जुन्या वाड्यांत मागें राहिलेलीं सगळीं बिऱ्हाडें तेवढ्यानें एका रक्ताचीं ठरत नाहींत. चार शिरा हें तसें जुनें घर आहे. पूर्वजांपासून चालत आलेली ती मूळ रचना. ज्यांनीं ती सोडली नाहीं, ते सर्व एकमेकांचे जवळचे, असा निष्कर्ष त्यावरून काढतां येत नाहीं.

हा दोष जाणकारांना दिसत होता, पण त्याऐवजीं काय करावें ह्यावर एकमत होईना. किती होईना, तें सांगतों. युरोप-अमेरिकेंतले दोन नामांकित पतंगशास्त्रज्ञ, फिबिगर आणि लाफोंतेन, ह्यांनीं 2005 सालीं एक मोठा प्रबंध लिहून ह्या अडगळीच्या खोलीचीं अनेक स्वतंत्र कुळें पाडलीं. दुसऱ्याच वर्षीं, 2006 मध्यें, त्याच दोघांनीं दुसरा प्रबंध लिहिला आणि त्यांतलीं बहुतेक कुळें पुन्हां एकत्र करून एकच प्रचंड नॉक्ट्युइडी मानलें! हंसूं येतें, पण मला त्यांचें कौतुकच वाटतें. पुरावा बदलला म्हणून आपलेंच मत वर्षाच्या आंत छापील मागें घेणारे पंडित कोणत्या शास्त्रांत रोज भेटतात?

निकाल लागला तो 2011 सालीं. रेझा झाहिरी आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं दीडशें जातींच्या पतंगांचे आठ निरनिराळे जनुक घेऊन ते अक्षरशः अक्षरामागून अक्षर ताडून पाहिले. जनुक म्हणजे पेशींत असलेली आनुवंशिक लिपि. नक्कल करतांना चुका होतात, आणि एका घराण्यांत झालेली चूक त्याच्या वंशांत पुढें चालूं राहते. जुन्या पोथ्यांच्या प्रतींतले समान पाठभेद पाहून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हें आपले संशोधक ओळखतात, त्यांतलाच हा प्रकार. ह्या ताडणींतून महाकुळाचीं सहा कुळें ठरलीं. त्यांतलें सर्वांत मोठें नॉक्ट्युइडी नव्हेच, तें एरेबिडी. त्यांत साडेचोवीस हजारांवर जाति, आणि मूळच्या नॉक्ट्युइडींत उरल्या पावणेबारा हजारांच्या आसपास.

ह्या नव्या वांटणींत कित्येक ओळखीचीं पाखरें अनपेक्षित शेजाऱ्यांजवळ जाऊन बसलीं. अंगभर केंस असलेले जे सुरवंट आपण लहानपणीं भिऊन पाहत असूं, त्यांतल्या पुष्कळांचे पतंग पूर्वीं दोन स्वतंत्र कुळांत होते. तीं दोन्ही कुळें आतां एरेबिडींच्या पोटांत गेलीं. म्हणजे माझ्या पेरूवरला सुबक पतंग हा त्या केंसाळ मंडळींचा चुलतभाऊ ठरला, आणि घाटेअळीचा पतंग, ज्याच्याशीं विक्रेत्यानें त्याचें भावाचें नातें जोडलें होतें, तो पलीकडच्या घराण्यांतला. उलट, विदर्भांत सोयाबीनचीं पानें खाणारी जी उंटअळी, तिच्या पतंगाच्या पंखांत शिरा चार. जुन्या खुणेप्रमाणें तो ह्या बाजूला यावयास हवा होता. जनुकांनीं त्याला घाटेअळीच्या बाजूस, नॉक्ट्युइडींतच ठेवलें. शिरांची खूण अशी दोन्हीकडून तुटली.

आतां मुख्य पात्राकडे वळूं. फळाला छिद्र पाडणाऱ्या ह्या पतंगाची प्रजाति युडोसिमा. जुन्या पुस्तकांत तिला ऑफिडेरिस म्हणत, नंतर ऑथ्रेइस, आतां युडोसिमा. तीन पिढ्यांच्या शेतकीपुस्तकांत तीन नांवें. नागपूर, अमरावतीकडच्या संत्र्याच्या बागांत हिच्या मुख्यतः तीन जाति सांपडतात: मॅटर्ना, फॅलोनिया आणि होमीना. मॅटर्नाच्या मागच्या पंखावर गोल ठिपका असतो; फॅलोनियाच्या पंखावर स्वल्पविरामासारखें मोठें वांकडें चिन्ह. फॅलोनिया ह्या नांवाची तर स्वतंत्र कहाणी आहे. लिनिअसनें 1763 सालीं तें असें लिहिलें. 1764 मध्यें त्याचा देशबंधु क्लर्क ह्यानें चित्रावर फुलोनिया असें छापलें. आणि 1767 मध्यें लिनिअसनेंच फुलोनिका असें लिहिलें. तीन वर्णलेखनें, एकच पाखरूं. आद्य नांवाला मान ह्या नियमानें आज फॅलोनिया चालतें, परंतु फुलोनिका ह्या नांवाखालीं लिहिलेलें उपयुक्त साहित्य इतकें आहे कीं, तें नांव विसरूनहि चालत नाहीं.

ह्या प्रजातीची सोंड मीं भिंगाखालीं पाहिली आहे. फुलपाखराची सोंड घड्याळाच्या स्प्रिंगेसारखी मऊ; हिची कठीण, तपकिरी, आणि टोंकाशीं भाल्यासारखी निमुळती. टोंकावर मागें वळलेले आंकडे आणि खवले. सोंड दोन पन्हळी अर्धांची जोडलेली असते. फळावर टेंकल्यावर हे दोन अर्ध आळीपाळीनें पुढेंमागें सरकतात व करवतीप्रमाणें साल कापीत आंत शिरतात. संत्र्याची जाड साल हिला अवघड नाहीं. स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर तें हें: दांत आहेत, पण सोंडेला.

छिद्र पाडणारे थोडे, पिणारे पुष्कळ. एकदां साल फुटली कीं एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग आणि असेच दुसरे अनेक, ज्यांच्या सोंडेला असें जाड साल भेदणारें हत्यार नाहीं, ते त्या पाणवठ्यावर जमतात. रात्रीं दहा वाजतां फळावर पांच पतंग दिसले, तर त्यांतला गुन्हेगार एखादाच, आणि बहुधा तो पिऊन केव्हांच निघून गेलेला असतो. मेहुण्यांच्या डबींत सांपडले ते हे पंगतीला मागाहून आलेले.

सालीऐवजीं कातडी भेदणारे पतंगहि ह्याच नात्यांत आहेत. श्रोत्यांना हें ऐकून शहारे येतील. कॅलिप्ट्रा नांवाची एक प्रजाति आहे. ती आपल्या देशांतहि आढळते. तिच्यांतल्या युस्ट्रिगाटा ह्या जातीला 1926 मध्यें हॅम्पसन ह्यांनींच नांव दिलें, पण ती काय पिते तें त्यांना ठाऊक नव्हतें. स्विस शास्त्रज्ञ हान्स बेंझिगर ह्यांनीं 1968 सालीं मलायांतून जगाला कळविलें कीं, हा पतंग रात्रीं गुराढोरांच्या व रानटी जनावरांच्या कातडींत सोंड खुपसून रक्त पितो. म्हशी, सांबरें, टापिर ह्यांच्या अंगावर त्यांनीं ते पाहिले. रक्त पिणारे आढळतात ते केवळ नर. डासांच्या अगदीं उलट. जेनिफर झास्पेल, झाहिरी व इतर ह्यांनीं 2012 मध्यें ह्या सर्वांचे जनुक ताडून पाहिले तेव्हां असें दिसलें कीं, फळें भेदणारे युडोसिमा, रक्त पिणारे कॅलिप्ट्रा आणि त्यांचे आणखी कांहीं सोयरे हे खरोखरच एका पोटशाखेंतले. ती पोटशाखा म्हणजे कॅल्पिनी. फळ भेदणें हें आधीं, रक्त पिणें हें त्यांतून मागाहून निघालेलें. आणि पूर्वीं ह्याच पोटशाखेंत घातलेले कांहीं पतंग, उदाहरणार्थ कपाशीचीं पानें खाणारा ॲनोमिस, हे तिचे नव्हेत. त्यांना बाहेर जावें लागलें.

धानोऱ्याशीं ह्या सगळ्याचा संबंध येतो तो येथें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी स्नेह्यांसह रानांत गेलों. वाटेंत मेंढा (लेखा) लागतें. 2009 सालीं सुमारें अठराशें हेक्टर वनावर ज्या गांवाला सामूहिक हक्क मिळाला, तेंच हें. रानाच्या कडेला एका ऐनावर गुळवेल चढली होती, आणि तिच्या पानामागें मला हवी होती ती वस्तु मिळाली: मखमली काळसर अंगाची, दोन इंचांहून लांब अळी. डिवचतांच तिनें डोकें पोटाखालीं घेतलें, शेपटाकडचा भाग उंच केला, आणि अंगावरचे दोन वाटोळे चक्राकार डाग माझ्याकडे डोळ्यांसारखे रोखून धरले. अनोळखी माणसानें हात मागें घ्यावा असाच तो आविर्भाव.

ही अळी संत्र्यावर कधीं सांपडणार नाहीं. युडोसिमाच्या ह्या जातींच्या अळ्या आपल्याकडे वाढतात त्या गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर. ह्या वेली वनस्पतिशास्त्रांत एका कुळांत येतात. त्याला मेनिस्पर्मेसी म्हणतात. आणि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, रक्त पिणाऱ्या कॅलिप्ट्राच्या पुष्कळशा अळ्यांचें अन्नहि त्याच कुळांतल्या वेलींवर. जनुकांनीं 2012 मध्यें जें नातें सांगितलें, त्याची साक्ष ह्या अळ्या आपल्या जेवणानें पूर्वींपासून देत होत्या. मोठेपणीं कोणी संत्रें भेदतो, कोणी म्हशीचें कातडें. पण बाळपणचें घर सगळ्यांचें गुळवेलीच्या गोत्रांत. अपवाद आहेच: पॅसिफिक महासागरांतल्या बेटांवर फॅलोनियाच्या अळ्या पांगाऱ्यावरहि वाढतात. परदेशीं गेल्यावर आहार बदलण्याची संवय केवळ माणसांनाच आहे असें नाहीं.

म्हणजे विक्रेत्याला पतंगाचें खरें कूळ ठाऊक असतें, तर तो झाडावर औषध मारावयास सांगताना ना. घाटेअळीच्या घराण्यांत नासाडी करते ती अळी, आणि तिचा पतंग बिचारा फुलांतला मध पितो. युडोसिमाच्या घरांत सगळें उलट: अळी रानांतल्या वेलीवर निरुपद्रवी, आणि पतंग चोर. एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला कसा पडावा?

शेतकीखात्याचा जुना सल्ला असा कीं, बागेच्या आसपासची गुळवेल व वासनवेल उपटून टाकावी. बागेच्या बांधावरची काढावी, हें मलाहि मान्य आहे. पण हा सल्ला कोणी ताणून रानापर्यंत नेऊं नये. चांगला पंख असलेला पतंग मैलोगणती उडतो; बांधापलीकडची किती गुळवेल उपटाल? गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाचा आहे, आणि त्या वनांत गुळवेल हें औषध आहे, विकण्याची वस्तु आहे. 2020 व 2021 ह्या साथीच्या वर्षांत तिला केवढी मागणी आली होती, तें आपण सर्वांनीं पाहिलें. मीं ही गोष्ट काढली तेव्हां स्नेही शांतपणें म्हणाले, "संत्रीं तुमचीं, वेल आमची. पतंगाचें घर मोडून तुमचीं फळें राखावयाचीं असतील, तर आधीं इथल्या गांवाला विचारा." ह्यावर मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. देण्यासारखें नव्हतेंच.

मेहुण्यांनीं पुढल्या हंगामापासून निराळा मार्ग धरला. फळ रंगूं लागलें कीं बागेच्या कडेच्या ओळींतल्या फळांना कागदी पिशव्या बांधतात. सगळ्या बागेला तें परवडत नाहीं. संध्याकाळीं ओल्या पाल्याचा धूर करतात. गळलेलीं फळें रोज उचलून पुरतात, कारण त्यांचा आंबूस वास पतंगांना बोलावणें धाडतो. आणि रात्रीं आठ ते अकरा मुलांना विजेरी देऊन फळांवरून फिरवितात, ते निवडक शेंदरी पंखांचे पतंग तेवढे धरून आणावयास. नासाडी थांबली असें नाहीं. पण बहार हातचा जात नाहीं.

धानोऱ्याची ती अळी मीं बरणींत घालून गुळवेलीच्या चार फांद्यांसह घरीं आणली होती. चार दिवसांनीं तिनें दोन पानें रेशमानें एकत्र ओढून त्यांत कोश केला. पंधरवड्यानें एका रात्रीं बरणींत फडफड ऐकूं आली. उघडून पाहतों तों मागच्या पंखांवर गोल काळे ठिपके, मॅटर्ना. टांचणी हातांत घेऊन मी जरा वेळ बसलों, आणि मग खिडकी उघडली. शेजारच्या अंगणांत त्या वेळीं पपई पिकली होती, हें मला दुसऱ्या दिवशीं शेजारणीनें सांगितलें.